वाराच्या जेवणापासून वसतिगृहापर्यंत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, भरतकाम, घरगुती औषधे, तीर्थयात्रा अशा विषयांवर चांगले लेख येतात. ह्या खेपेस मी जरा निराळा विषय घेतला आहे. मुळशी तालुक्यात हल्ली ‘मुलगा पुण्याला शिकायला असतो’, ‘मुलीने कॉलेजात नाव घातले’ हे बोलणे घरोघर ऐकू येते. असे कुणी सांगितले की ऐकणारी बाई शाखा कोणती, गुण किती, हे मागाहून विचारते. तिचा पहिला प्रश्न असतो, ‘राहतो कुठे आणि जेवतो कुठे?’ पुरुषमंडळी ह्या प्रश्नाला हसतात. परंतु पुण्याच्या विद्येचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो पुष्कळसा ह्याच प्रश्नाभोवती फिरला आहे, आणि त्याचे उत्तर देताना आपल्यासारख्या चुलीपाशी बसणाऱ्या बायकांचे हात फार लागले आहेत. ती हकीकत आज सांगायची आहे.

पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणतात. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८५७ साली मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले आणि १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. कोकणातून घाट चढून, देशावरून बैलगाडीने, कधी पायी चालत मुले पुण्याला येऊ लागली. कॉलेज होते, शिकवायला नामांकित गुरुजन होते, पण हातात पैसा नसलेल्या मुलाने पोट कसे भरावे? ह्याची सोय लोकांनी आपापल्या परीने केली होती. तिची नावे दोन, माधुकरी आणि वार.

माधुकरी म्हणजे झोळी घेऊन ठरावीक घरी जायचे आणि मिळेल ते शिजलेले अन्न आणून खायचे. मधमाशी जशी थोडा थोडा मध अनेक फुलांतून गोळा करते, तसे थोडे थोडे अन्न अनेक घरांतून घ्यायचे, म्हणून ती माधुकरी. वार लावून जेवणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून घ्यायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे. ज्याला सातही वार मिळाले तो भाग्यवान. ज्याला पाचच मिळाले त्याने उरलेले दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढायचे. एखाद्या घरी सुतक आले, घरची मंडळी गावाला गेली की त्या दिवशी उपास ठरलेला.

ह्या पद्धतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते खोटे नाही. शेकडो मुले ह्या अन्नावर शिकली व मोठी झाली. ज्या घरात स्वतःच्या चार लेकरांना दूध पुरत नसे, त्या घरच्या बाईने परक्या मुलासाठी जास्तीच्या दोन पोळ्या लाटल्या. त्या बायकांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. वाराला येणारा मुलगा पुढे वकील झाला, मामलेदार झाला, त्याचे नाव राहिले. पोळ्या लाटणारीचे राहिले नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या दारी रोज ताटकळत बसणे सोपे नसते. पाने वाढीपर्यंत कोपऱ्यात बसायचे, कधी पाणी भरायचे, कधी बाजारहाट करायचा, कुणी घालूनपाडून बोलले तरी मान खाली घालून जेवायचे. पोट भरायचे, पण मनाला घट्टे पडायचे.

आणखी एक गोष्ट होती, ती ह्याहून मोठी. वाराचे घर सर्वांसाठी उघडे नव्हते. माधुकरी व वार ही बहुतांशी ब्राह्मण मुलांची सोय होती. कुणब्याचा, माळ्याचा, महारा-मांगाचा मुलगा शिकायला आला तर त्याला सोमवार देणारे घर नव्हते, मंगळवार देणारे नव्हते, राहायला ओसरीही मिळत नसे. म्हणजे शाळा कॉलेजची दारे कायद्याने सर्वांना उघडी, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही. आपल्या मावळपट्ट्यातल्या मुलांच्या मागच्या पिढ्या शिकल्या नाहीत, ह्याला बुद्धी कमी हे कारण खचित नव्हते.

घरच्यांनी पैसे पाठवावेत म्हटले तर तेही सोपे नव्हते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे उदाहरण पाहा. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव तुटपुंज्या पगाराच्या नोकरीला लागले व पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला दर महिन्याला पैसे पाठवू लागले. पुढे कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा वहिनीने आपले दागिने विकायला काढून दिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. १८८४ साली गोखले बी. ए. झाले. हिंदुस्थानभर त्यांचे नाव झाले, गांधीजींनी त्यांना गुरू मानले. त्या नावाच्या तळाशी एका वहिनीचे किडुकमिडुक आहे, हे आपण बायकांनी तरी ध्यानात ठेवावे.

हे सारे दयेवर आणि नशिबावर सोडू नये, त्याची कायमची व्यवस्था करावी, असे ज्यांना वाटले त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज अग्रभागी आहेत. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. मग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, देवांग अशा एकेका समाजाची बोर्डिंगे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, सालीना उत्पन्ने लावून दिली. खेड्यातल्या मुलाला शहरात हक्काचे छप्पर मिळाल्याशिवाय शिक्षणाच्या गप्पा व्यर्थ, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुण्यातही १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच पुढे पुणे विद्यार्थी गृह ह्या नावाने प्रसिद्धीस आले.

शाहू महाराजांच्या ह्या कार्याचा ठसा ज्यांच्यावर उमटला ते कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढले. कोल्हापुरात जातीजातीची बोर्डिंगे वेगळी होती. येथे महाराचा, मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा मुलगा एका पंक्तीला बसू लागला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले व त्यांच्याच हस्ते बोर्डिंगचे नामकरण झाले.

ह्या बोर्डिंगाचा स्वयंपाक पाहत होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. भगिनींनो, त्यांचा जन्म सुखवस्तू घरातला. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घालू लागली. त्यांची आजारपणे काढू लागली. संस्थेला अडचण पडेल तसतसा अंगावरचा एकेक दागिना उतरत गेला. एकदा बोर्डिंगात धान्य उरले नाही, भाऊराव गावी नव्हते, मुले उपाशी राहायची वेळ आली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून धान्य आणवले. सौभाग्यवतीने मंगळसूत्र उतरणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको. १९३० साली त्या वारल्या. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे मुले शेतात, बांधकामावर श्रम करून स्वतःचा खर्च भागवीत व कॉलेज शिकत. ‘कमवा व शिका’ हे शब्द त्यातून सर्वत्र झाले. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, त्याचे नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे. त्या विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम करावे व मेसचे बिल भरावे. वाराचे जेवण आणि हे जेवण ह्यांत फरक आहे तो हाच की येथे मान खाली घालावी लागत नाही.

आता मुलींचे पाहू. मुलांसाठी निदान वार होते, मुलींसाठी तेही नव्हते. तरुण मुलगी परगावी एकटी राहते, ही कल्पनाच समाजाला सोसवत नव्हती. विधवा मुलींचे तर हाल कुत्रा खात नसे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. तेथे मुली राहत व शिकत. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला व १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. तेव्हा तेथे माळरान होते. आज ज्या भागाला आपण कर्वेनगर म्हणतो आणि जेथून आपल्या मुली बसने जातात-येतात, तेथे एका झोपडीत हा आश्रम सुरू झाला. स्वतः अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात शिकवून संध्याकाळी पायी चालत आश्रमात जात.

ह्या आश्रमाच्या आधारस्तंभ होत्या पार्वतीबाई आठवले, अण्णासाहेबांच्या पत्नी बाया कर्वे ह्यांच्या भगिनी. त्या स्वतः विधवा. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. आश्रमातल्या मुलींचे जेवणखाण, आजारपण त्यांनी सांभाळले आणि वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ साली तर इंग्रजी जेमतेम येत असताना त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी धुण्याभांड्याची कामे केली व आश्रमासाठी पैसा जमविला. १९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ काढले, त्याच्या पायात पार्वतीबाईंसारख्या बायकांचे हे कष्ट आहेत.

येथे माझ्या पिढीची गोष्ट दोन ओळींत सांगते, कारण ती विषयाला धरून आहे. मी सातवीपर्यंत शिकले. आमच्या गावची शाळा तेवढीच होती. पुढची शाळा ज्या गावी होती तेथे मुलींनी राहावे अशी सोय नव्हती, आणि रोज जाण्यायेण्याला वेळेवर गाडी नव्हती. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींचे शिक्षण तेथेच थांबले. फी भरायची ऐपत नव्हती म्हणून ते थांबले असे नाही. १९८५-८६ पासून राज्यात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफतच होते. थांबले ते एका खाटेपायी आणि दोन वेळच्या ताटापायी. कर्व्यांचा आश्रम निघून तोपर्यंत नव्वदाहून अधिक वर्षे लोटली होती, पण आमच्या डोंगराच्या कुशीत त्याची झुळूक पोचली नव्हती.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. स्वातंत्र्य आले, विद्यापीठ झाले, खेड्यापाड्यांतून मुलांचे लोंढे येऊ लागले. वार देणारी वाड्यांतली घरे लहान होत गेली, एकत्र कुटुंबे फुटली, वाराची चाल मागे पडू लागली. पण गरजू मुले काही कमी झाली नाहीत. अशा वेळी १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे ह्यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. डॉ. आपटे फ्रान्समध्ये शिकून आले होते. तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची व राहण्याची काळजी समाज कशी घेतो हे त्यांनी पाहिले होते. योगायोग असा की त्याच १९५५ साली फ्रान्समध्ये कायदा झाला आणि विद्यार्थ्यांची भोजनगृहे व निवास ह्यांची व्यवस्था देशपातळीवरच्या सार्वजनिक संस्थेकडे सोपविली गेली. तेथे सरकारने जे केले ते येथे पुण्यातल्या काही सज्जनांनी लोकांच्या वर्गणीतून करावयास घेतले.

समितीने ग्रामीण भागातल्या गरीब, होतकरू मुलांसाठी व पुढे मुलींसाठीही वसतिगृहे चालविली. थोड्या पैशांत राहणे-जेवणे, आणि त्याबरोबर आपली खोली आपण झाडणे, स्वयंपाकघरात हात लावणे, काही वेळ काम करून चार पैसे मिळविणे, अशी शिस्त. समितीच्या कामात निर्मलाताई पुरंदरे ह्यांनी पुष्कळ वर्षे वाहून घेतले. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे ह्यांच्या त्या पत्नी, पण स्वतःच्या कामाने मोठ्या झालेल्या. फ्रान्समधल्या लोकांशी त्यांनी स्नेहसंबंध जोडले. १९८१ साली त्यांनी वनस्थळी ही संस्था काढून खेड्यातल्या बायकांना बालवाडी शिक्षिका होण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०१९ साली त्या निवर्तल्या.

राहण्याजेवण्याच्या जोडीला शिष्यवृत्ती हा दुसरा आधार. आपल्या मुळशी सत्याग्रहाने ज्यांना ‘सेनापती’ केले, ते पांडुरंग महादेव बापट हे पारनेरच्या गरीब घरातले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले म्हणून ती शिष्यवृत्ती बंद झाली! १९२१ ते १९२४ ह्या काळात धरणाखाली जाणाऱ्या आपल्या जमिनींसाठी ते मुळशीत लढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस शिकावयास गेले. त्यांनी परत येऊन काय केले ते पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज व १९५० साली औरंगाबादेस मिलिंद कॉलेज सुरू केले. ह्या औरंगाबादेलाच आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात. आपण ज्याच्या आधाराने वर आलो तो आधार मागच्यांसाठी उभा करून ठेवावा, ही खरी कृतज्ञता.

सरकारनेही पावले टाकली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या मुलांना फीची सवलत सुरू झाली. तिलाच आपण ‘ई. बी. सी.’ म्हणत आलो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत राहण्याजेवण्याचा खर्च थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे. २०२४ साली सरकारने ठरविले की ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ. ही फार मोठी गोष्ट आहे. पण फी माफ झाली म्हणजे सारे झाले असे समजू नये. खोलीचे भाडे, डिपॉझिट, मेस, बसचा पास, हे उरतेच. म्हणजे बाईचा तोच जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

आता आपल्या अगदी जवळची एक हकीकत सांगते. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाच्या इमारती आपण सर्वजणी येताजाता पाहतो. तेथे देशोदेशीची मुले शिकतात हेही आपल्याला ठाऊक आहे. पण ही संस्था कशी जन्मली ते पुष्कळांना ठाऊक नाही. प्राध्यापक शांताराम बळवंत मुजुमदार हे फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत व वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या एका खिडकीपाशी एक मुलगी येते आणि आत काहीतरी देते, असे त्यांच्या नजरेस आले. त्यांना साहजिकच राग आला. चौकशी केली तेव्हा कळले की खोलीत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला आहे. त्याला मेसचे जेवण चालत नाही. ती मुलगी त्याच्यासाठी खिडकीतून पथ्याचे अन्न देत होती. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या ह्या मुलांना येथे कुणी नाही, ही गोष्ट मुजुमदारांच्या मनाला लागली व त्यातून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. परदेशी मुलांना येथे घरचे माणूस भेटावे हा तिचा पहिला हेतू होता. शिक्षणाचा पसारा मागाहून वाढला व २००२ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

सिंबायोसिस हा शब्द वनस्पतिशास्त्रातला आहे. त्याचा अर्थ सहजीवन. दोन वेगळ्या जातींचे जीव एकमेकांच्या आधाराने राहतात त्याला हे नाव. ह्याचे उदाहरण आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, ते फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ ह्या दोघांनी मिळून ते बनते. शेवाळ उन्हातून अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा व ओलावा देते. एकट्याने जेथे कुणाचा निभाव लागणार नाही अशा उघड्या खडकावर दोघे मिळून जगतात. मुळशीच्या पावसाळी झाडाखोडांवर अशी बुरशी-शेवाळाची सोयरीक पाहिजे तेवढी सापडते.

आपल्या तालुक्यात हे सहजीवन कितपत आहे, असा विचार मनात येतो. लवळे, नांदे, भुकूम, भूगाव, पिरंगुट, हिंजवडी ह्या भागात बाहेरगावची कितीतरी मुले खोल्या घेऊन राहतात. आपल्यापैकी काहीजणी त्यांना डबे देतात, काहींनी घराच्या वर दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. संसाराला त्याचा हातभार लागतो, त्यात गैर काही नाही. पण ती मुले आपल्याला ‘भाडेकरू’ म्हणूनच ठाऊक असतात. पहिल्या तारखेस भाडे आले की विषय मिटला. तिकडे आपलीच मुलगी कोथरूडला कुणाच्या तरी घरी चौघींत एक खोली घेऊन राहते, आणि तिची कुणी विचारपूस करीत असेल का, म्हणून आपला जीव येथे टांगणीला लागतो.

ही विचारपूस किती मोलाची आहे ते सांगणारा एक आकडा आहे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. लिहिताना हात थरथरतो. ह्यांतली सगळीच मुले उपाशी नव्हती. अभ्यासाचा ताण, अपयशाची लाज, कर्ज काढून शिकविणाऱ्या आईबापांची धास्ती, एकटेपणा, रॅगिंग, अशी अनेक कारणे असतात. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ सालीच कायदा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मनाच्या आजाराची जाण असलेला निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा फोन क्रमांक सुरू केला आहे. तो टेली-मानस ह्या नावाने चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या फ्रिजवर, देवघराशेजारी, कोठेही लिहून ठेवावा. वेळ सांगून येत नाही.

परंतु समुपदेशक कॉलेजात, फोन दूर, आणि मूल राहते आपल्या माडीवर. दोन दिवस डबा तसाच परत आला, हे प्रथम कळते ते डबा देणारीला. दिवा रात्रभर जळतो आहे, दार उघडत नाही, हे कळते घरमालकिणीला. मुजुमदारांच्या गोष्टीतल्या त्या मुलीला काही मोठी विद्या लागली नव्हती. एक मुलगा आजारी आहे व जेवत नाही, एवढे तिच्या ध्यानात आले आणि ती खिडकीपाशी गेली.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी तीन गोष्टी नम्रपणे मांडते. एक, आपल्या सभासद भगिनींपैकी ज्या डबे देतात अगर खोल्या भाड्याने देतात, त्यांनी डबा परत आला की वर जाऊन विचारावे. ‘का रे बाळा, बरे नाही का?’ एवढेच. गरज वाटली तर घरी फोन करावा, दवाखान्यात न्यावे, वर दिलेला क्रमांक लावून द्यावा. दोन, आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बारावी झालेल्या मुलींची दरवर्षी मंडळाने यादी करावी. कोणती सवलत कुणाला लागू पडते, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला कधी काढायचा, हे त्यांना जूनच्या आत सांगावे. पौडच्या तहसील कचेरीत मुली एकट्या जायला बिचकतात, आपल्यापैकी कुणी बरोबर जावे. पुष्कळ मुलींची सवलत हुकते ती कागद वेळेवर न मिळाल्याने. तीन, आपल्या ज्या मुली पुण्यास राहून शिकतात त्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यावी. एका गावच्या दोघी एका खोलीत राहिल्या तर भाडे निम्मे होते आणि आईचा घोरही निम्मा होतो.

ह्यातली एकही गोष्ट करायला मोठा निधी लागत नाही. मंगळसूत्र मोडण्याची वेळ आज आपल्यावर नाही, अमेरिकेस जाऊन भांडी घासण्याचीही नाही. त्या थोर बायकांनी तो भार आपल्यासाठी आधीच उचलून ठेवला आहे. आपल्या वाट्याला आले आहे ते जिना चढून दार ठोठावण्याचे काम. येत्या वर्षाच्या कार्यक्रमांत हळदीकुंकू, सहल, पाककृती स्पर्धा ह्यांच्या शेजारी ह्याही कामाला एक दिवस द्यावा, अशी सर्व भगिनींना विनंती करते.